शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना धंदा उभा करायचा असेल तर

इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी किंवा फूड टेक्नॉलॉजी झालेली कितीतरी मुले-मुली नोकरीची वाट न पाहता स्वतःचे काहीतरी सुरू करू पाहतात. हातात कसब असते, गावात जागा असते, चार ओळखीही असतात. घोडे अडते ते शैक्षणिक कर्जापाशी. त्याचा हप्ता सुरू व्हायला थोडेच महिने उरलेले असतात. घरचे म्हणतात, आधी कर्ज फेड, मग धंद्याचे बघू. ते न ऐकता मुलगा धंद्याच्या मागे लागला, तर बऱ्याचदा शिक्षणाचे हप्ते थकतात, आणि वर्षभराने मुद्रा कर्ज (लहान धंद्यांसाठीच्या सरकारी योजनेतले बँक कर्ज) मागायला गेल्यावर मॅनेजर त्याचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाचा क्रेडिट रिपोर्ट, समोर ठेवतो.

शैक्षणिक कर्ज नियमित चालू असेल तर धंद्यासाठी कर्जही मिळू शकते आणि अनुदानही. ते थकलेले असेल तर मात्र जवळजवळ सगळी दारे बंद होतात. म्हणून मशीनचे कोटेशन आणण्याआधी शिक्षणाचे कर्ज मार्गी लावायचे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी 1: शाखेतून मंजुरीपत्र आणि खातेउतारा आणा

कर्ज घेताना सह्या केलेल्या कागदांपैकी मंजुरीपत्र घरात सापडत नसेल तर शाखेकडे प्रत मागा. सोबत कर्ज सुरू झाल्यापासूनचा पूर्ण खातेउतारा घ्या. हप्ता कधी सुरू होणार, मुदत किती वर्षांची, व्याजदर बदलता की स्थिर, आणि आजवर किती व्याज साचले, एवढे त्यातून काढा.

सरकारी बँकांच्या बहुतेक योजना इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेवर बेतलेल्या आहेत. तिच्यात अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. नंतर फेडीला 15 वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते. हप्ता नसला तरी व्याज चालूच असते. ते सरळव्याज असते, पण हप्ता सुरू होताना मुद्दलात मिळवले जाते, आणि इथेच घरच्यांना धक्का बसतो.

आकड्यात पाहू. समजा, चार वर्षे दरवर्षाच्या सुरुवातीला दीड लाख असे 6 लाख उचलले, व्याजदर 10 टक्के. पाच वर्षांनी हप्ता सुरू होताना साचलेले व्याज 2,10,000 रुपये होते, म्हणजे खात्यावर 8,10,000. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता साधारण 10,704 रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर 8,704. महिन्याला दोन हजारांचा दिलासा मिळतो, पण एकूण 2 लाख 82 हजार रुपये जास्त जातात. पंधरा वर्षांच्या पहिल्या हप्त्यातले 6,750 रुपये निव्वळ व्याजात जातात आणि मुद्दल दोन हजारानेही कमी होत नाही.

तरीही धंदा सुरू करणाऱ्याने लांब मुदत घ्यावी, असे माझे मत आहे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत दर महिन्याला नक्की भरता येईल असा हप्ता हवा. हंगाम चांगला गेला की वरची रक्कम मुद्दलात भरा. बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जावर बँकेला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. रक्कम भरताना मात्र ती मुद्दलात जमा करून मुदत कमी करावी, असे लेखी द्या, नाहीतर पुढचे हप्ते आगाऊ भरले असे धरले जाऊ शकते.

उताऱ्यात आणखी एक गोष्ट शोधा. कर्ज घेताना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि अभ्यासक्रम पात्र असेल, तर केंद्राच्या व्याज अनुदान योजनेत हप्ता नसलेल्या काळातले व्याज सरकार भरते. त्याचा दावा बँकेने करायचा असतो. उताऱ्यात अनुदान जमा झालेले दिसत नसेल तर उत्पन्नाचा दाखला घेऊन विचारायला जा. ज्यांची धाकटी भावंडे आता प्रवेश घेत आहेत त्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. निवडक नामांकित संस्थांतल्या प्रवेशासाठी, कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास, 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता नसलेल्या काळात तिच्यात 3 टक्के व्याज सवलत आहे.

महाराष्ट्रातल्या इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्जावर व्याज परतावा देणारी योजनाही आहे. गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देते, त्यामुळे तिथल्या मुलांचे गणित बरेच हलके असते.

पायरी 2: हप्ता थकण्याआधी लेखी अर्ज द्या

आदर्श योजनेतली एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. बेरोजगारी किंवा अपुऱ्या कमाईच्या काळात कर्जाच्या आयुष्यात दोन-तीन वेळा, एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, हप्त्यांना स्थगिती देता येते. पदवीनंतर स्वतःचा नवउद्योग उभारणाऱ्याला उभारणीच्या काळासाठी स्थगिती देण्याचा विचार करता येतो. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्ते बांधून देण्याची सोयही तिच्यात आहे. हे बँकेच्या मर्जीवर आहे, हक्क म्हणून मागता येत नाही. पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि तोंडी मागितलेले कुठेच नोंदले जात नाही.

अर्ज असा करा:

*प्रति, शाखा व्यवस्थापक. विषय: शैक्षणिक कर्ज खाते क्रमांक ---- च्या हप्त्यांबाबत.*

*महोदय, वरील कर्जाचा पहिला हप्ता ---- रोजी सुरू होत आहे. मी ---- येथे केळी वेफर्स निर्मितीचा उद्योग सुरू करत असून उत्पादन ---- महिन्यात सुरू होईल. सोबत प्रकल्प अहवाल, जागेचा कागद व मशीनचे कोटेशन जोडले आहे. उभारणीच्या काळासाठी सहा महिने हप्त्यास स्थगिती मिळावी. या काळात दरमहा व्याजाची रक्कम भरण्याची माझी तयारी आहे. ते शक्य नसल्यास सुरुवातीचे हप्ते कमी ठेवून पुढे वाढवत न्यावेत. निर्णय लेखी कळवावा, ही विनंती.*

दोन प्रती काढा. एकीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. व्याज भरण्याची तयारी दाखवणारे वाक्य गाळू नका. मॅनेजरला वरच्या कार्यालयाकडे शिफारस करायची असते आणि त्या वाक्याने त्याचे काम सोपे होते. वरच्या उदाहरणात 8,10,000 वर महिन्याचे व्याज 6,750 रुपये येते. तेवढे जमत नसेल तर जेवढे जमेल तेवढा आकडा लिहा.

मंजुरी मिळताना एक प्रश्न नक्की विचारा: ही सवलत मूळ योजनेच्या अटींत बसते, की खात्याची पुनर्रचना, म्हणजे फेडता येत नाही म्हणून बदललेल्या अटी, अशी नोंद होणार? पुनर्रचनेची नोंद क्रेडिट रिपोर्टवर उमटते आणि पुढचे कर्ज देणारा ती वाचतो.

कर्ज खाजगी वित्त कंपनीचे असेल तर तिला ही आदर्श योजना लागू नाही. तिथे करारात जे लिहिले आहे तेच चालते. त्यांच्याशी बोलणी करताना लांब मुदतीचा आग्रह धरा किंवा कर्ज सरकारी बँकेकडे वळवता येते का ते तपासा.

पायरी 3: स्वतःचा आणि वडिलांचा क्रेडिट रिपोर्ट पाहा

शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की डाग दोघांच्या नावावर पडतो. वडिलांच्या पीक कर्जाला किंवा भावाच्या घरकर्जाला त्याची झळ बसते, आणि घरात हे कळते फार उशिरा.

सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा नियम आहे. तो त्यांच्या संकेतस्थळावरून घ्या, पैसे घेऊन सिबिल सुधारून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्यापुढे किती दिवस उशीर झाला ते लिहिलेले असते. चूक दिसली तर ऑनलाइन हरकत घ्या. 30 दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे.

खाते आधीच थकले असेल आणि कोणी सेटलमेंट सुचवत असेल तर सावध राहा. काही रक्कम माफ होते हे खरे, पण रिपोर्टवर खाते बंद असे न येता सेटल्ड असे येते. धंद्यासाठी कर्ज हवे असलेल्याला ते फार महाग पडते. त्यापेक्षा नातेवाइकांकडून हातउसने घेऊन थकबाकी भरा आणि खाते नियमित करा. पुढचे काही महिने हप्ते वेळेवर गेले की मगच धंद्याच्या कर्जाचा अर्ज टाका.

पायरी 4: योजना शोधण्याआधी जिल्हा उद्योग केंद्रात जा

मोबाईलवर योजनांचे व्हिडिओ पाहून गोंधळ वाढतो. जिल्ह्याच्या ठिकाणी उद्योग केंद्र असते, तिथे एक सकाळ घालवा. कुठल्या योजनेचे अर्ज सध्या चालू आहेत, यंदाचे उद्दिष्ट शिल्लक आहे का, कुठल्या बँका कर्जाची प्रकरणे करतात, हे तिथे कळते. योजनांच्या मुदती आणि मर्यादा बदलत असतात, म्हणून खालचे आकडे घेऊन जा आणि तिथे पडताळून घ्या.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, नव्या उद्योगासाठी आहे. उत्पादनाला 50 लाखांपर्यंत आणि सेवेला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात 15 आणि ग्रामीण भागात 25 टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, दिव्यांग आणि माजी सैनिकांना शहरात 25 आणि ग्रामीण भागात 35 टक्के. स्वतःची गुंतवणूक पहिल्यांना 10 टक्के, दुसऱ्यांना 5 टक्के घालावी लागते. एका कुटुंबात एकालाच लाभ मिळतो. मशीन आधी विकत घेऊन, उत्पादन सुरू करून मग अर्ज करणारे अपात्र ठरतात. दरवर्षी कोणी ना कोणी या कारणाने हात हलवत परत येतो.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून चालू आहे. सुरू झाला तेव्हा वय 18 ते 45, विशेष गटांना पाच वर्षांची सूट, अनुदान 15 ते 35 टक्के, असा त्याचा साधारण आराखडा होता. अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई ही वेगळी योजना कृषी विभागामार्फत चालते. तिच्यात 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान आहे आणि चालू उद्योगालाही ती घेता येते. एकाच प्रकल्पावर दोन अनुदाने मिळतील असे धरून मात्र गणित मांडू नका.

अनुदानाची गरज नसेल, रक्कम लहान असेल तर मुद्रा कर्ज सोपे पडते. शिशु 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंतचा टप्पाही खुला आहे. सूक्ष्म व लघु उद्योगाच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कोणी सातबारा किंवा ठेव मागितली तर हे शांतपणे सांगा.

महामंडळांना विसरू नका. अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ बँकेने दिलेल्या कर्जाचे व्याज परत देते. आधी महामंडळाचे पात्रता पत्र घ्यायचे, मग बँक, हा क्रम उलटला तर लाभ जातो. आणि परतावा मिळतो तो हप्ता वेळेवर भरणाऱ्यालाच. महात्मा फुले, वसंतराव नाईक, अण्णाभाऊ साठे, संत रोहिदास, मौलाना आझाद, शबरी अशी वेगवेगळ्या समाजघटकांची महामंडळे आहेत. गोव्यात असाल तर पणजीच्या ईडीसी या सरकारी वित्त महामंडळाकडून मुख्यमंत्री रोजगार योजनेची माहिती घ्या.

प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आणि बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. या दुसऱ्या संस्थांत प्रशिक्षण फुकट असते, राहण्या-जेवणासकट. तिथे आलेला फॅकल्टी अनेकदा निवृत्त बँक अधिकारी असतो आणि प्रकरण कुठे अडते हे तो बरोबर सांगतो.

पायरी 5: प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दोन्ही हप्ते धरा

झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणाऱ्या रिपोर्टमध्ये शैक्षणिक कर्जाचा उल्लेखच नसतो. बँकेला ते कर्ज सिबिलवर दिसतेच. लपवल्यासारखे वाटण्यापेक्षा आपणच लिहा.

रावेर तालुक्यातल्या एका खेड्यात फूड टेक्नॉलॉजी झालेली मुलगी केळी वेफर्सचा उद्योग करते असे धरू. प्रकल्प 10 लाखांचा, योजना पीएमईजीपी. महिला आणि ग्रामीण, म्हणून अनुदान साडेतीन लाख. स्वतःचे 50 हजार, बँकेचे कर्ज साडेनऊ लाख. हे अनुदान तिच्या हातात पडत नाही. ते बँकेत तिच्या नावे तीन वर्षे बिनव्याजी ठेव म्हणून राहते, तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही, आणि पाहणी झाल्यावर ते कर्जात वळते होते. म्हणजे व्याजाचे ओझे 6 लाखांवर. 11 टक्के दर आणि 5 वर्षे धरली तर हप्ता साधारण 13,045 रुपये. त्यात शैक्षणिक कर्जाचे 8,704 मिळवले की 21,749.

आता विक्री. समजा, 100 रुपयांच्या विक्रीतून केळी, तेल, गॅस, पाकीट आणि दुकानदाराचे कमिशन वजा जाऊन 25 रुपये उरतात. मग नुसते दोन हप्ते भरायला महिन्याला सुमारे 87 हजारांची विक्री लागते. वीजबिल, मजुरी आणि घरखर्च यानंतर सुरू होतो. हा आकडा कागदावर आला की प्रकल्प 10 लाखांचा करायचा की 5 लाखांचा, हे आपोआप ठरते. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असणाऱ्याने पहिला प्रकल्प लहानच करावा. जुने मशीन, भाड्याची जागा, दोनच प्रकारची पाकिटे. अनुदान मोठे मिळते म्हणून प्रकल्प फुगवणे अंगाशी येते.

पायरी 6: उद्यम नोंदणी करा, खाती वेगळी ठेवा

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधार आणि पॅनवर पूर्ण फुकट होते. सरकारी पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट आयएन असते. तसेच दिसणारे खाजगी पत्ते हजार-दोन हजार उकळतात. पीएमईजीपीचा अर्ज करायचा असेल तर नोंदणीत धंदा आधीच चालू असल्याची तारीख टाकून बसू नका.

धंद्यासाठी चालू खाते काढा आणि शैक्षणिक हप्ता बचत खात्यातूनच जाऊ द्या. दर महिन्याला स्वतःला ठरावीक रक्कम पगार म्हणून वळती करा, त्यातून हप्ता जाईल. दुकानदारांचे पैसे साधारण दहा-बारा तारखेला येत असतील तर हप्त्याची तारीख पंधरा करून मागा. खेळत्या भांडवलातून शैक्षणिक हप्ता भरायची सवय एकदा लागली की कच्चा माल घ्यायला पैसे उरत नाहीत आणि दोन्ही कर्जे एकदम थकतात.

प्राप्तिकराचे थोडक्यात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट, जी 80ई म्हणून ओळखली जाते, आठ वर्षे मिळते आणि तिला रकमेची मर्यादा नाही. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याला पगारदारासारखे दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. सुरुवातीच्या वर्षांत नव्या प्रणालीत तसाही कर बसत नसेल तर त्या वजावटीसाठी धडपडू नका.

पायरी 7: उधारी वसूल करा

लहान उद्योगाचे हप्ते बहुधा गिऱ्हाइकाने पैसे अडकवल्याने थकतात. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे, असे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. सूक्ष्म व लघु उद्योग सुलभता परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. नोंदणी माल देण्याच्या आधीची हवी, आणि निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना याचा फायदा नाही. बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापा. मोठ्या कंपनीच्या अकाउंट्स विभागाला त्याचा अर्थ बरोबर कळतो, कारण मुदतीत न दिलेली रक्कम त्यांना त्या वर्षी खर्च म्हणून वजा करता येत नाही.

पायरी 8: हप्ता चुकलाच तर

90 दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरते. त्याआधीचे 90 दिवस हातात असतात आणि पहिल्या 30 दिवसांत शाखेत गेलात तर बरेच काही होऊ शकते. अर्धा हप्ता असला तरी भरा आणि उरलेला कधी भरणार ते लेखी द्या. फोन उचलणे बंद करू नका. वसुली एजंटने सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही, धमकी द्यायची नाही. तसे झाले तर तारीख-वेळ लिहून ठेवा आणि आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.

हप्ता चुकल्याचा दंड बँक घेऊ शकते, पण तो मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. उताऱ्यात तसे दिसले तर विचारा.

शेवटचा हप्ता भरला की नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा, दाखला घ्या. 7.5 लाखांवरच्या कर्जाला घर किंवा प्लॉट तारण दिला असेल, तर कर्ज फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाईचा नियम आहे. महिना-दीड महिन्याने क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून खाते बंद झाल्याची नोंद तुमच्या आणि वडिलांच्या, दोघांच्याही नावावर आली आहे का ते पाहा.